जुन्या मारुती ८००ची ऑइलगळती आणि सैल स्टिअरिंग : आधी शोध, मग पाना

इंजिनमधून गळणारे ऑइल हा एक बिघाड आणि सैल झालेले स्टिअरिंग हा दुसरा, असे समजून आपण या दोन दुरुस्त्या वेगवेगळ्या वेळी, बहुधा वेगवेगळ्या मिस्तऱ्यांकडून करून घेतो. जुन्या छोट्या गाडीत मात्र या दोहोंचा संबंध फार जवळचा असतो. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले आहे आणि स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाके वळवणारी दातेरी दांडी, त्याच्या मागे, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) खालच्या अंगाला आहे. इंजिनच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या बाजूने सुटलेले ऑइल गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि रॅकच्या रबरी बुटांवर, म्हणजे त्याच्या टोकांच्या घडीदार आवरणांवर, रॅक जिथे बॉडीला धरलेला असतो त्या बुशांवर आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांवर जाऊन बसते. हे बुश साध्या रबराचे असतात. खनिज तेल लागत राहिले की ते फुगतात, मऊ पडतात आणि धातूपासून सुटू लागतात. बुटावर बसलेल्या ऑइलमध्ये धूळ मिसळून तिचा लेप होतो, बुटाच्या घड्यांत तो साचतो आणि काही महिन्यांत बूट घडीवरच फाटतो. फाटलेल्या बुटातून पावसाचे पाणी आणि माती रॅकच्या दात्यांपर्यंत पोहोचली की मग वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून गळती थांबवल्याशिवाय स्टिअरिंगचा एकही नवा रबरी भाग बसवू नये, हे माझे पहिले सांगणे आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्याकडे १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, एमएच-३१, म्हणजे नागपूर पासिंगची ८०० आहे. तिच्याखाली रोज सकाळी रुपयाएवढा डाग पडू लागला, तेव्हा शहरातल्या एका गॅरेजमध्ये क्रँकचे मागचे ऑइल सील गेल्याचे निदान झाले. गिअरबॉक्स उतरवला, सील बदलले, त्याच वेळी क्लचप्लेटही बदलली, आणि आठव्या दिवशी अंगणात तोच डाग पुन्हा दिसला. गळती मुळात तिथे नव्हतीच. या इंजिनात स्पार्क प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याच्या बुडाची ओ-रिंग कडक झाली की ऑइल हेडवरून ओघळून थेट गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणावर, म्हणजे बेल हाउसिंगवर उतरते आणि खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलमधूनच आले असे वाटते. एका लहानशा रबरी कड्यासाठी दोन दिवसांची मजुरी गेली आणि दरम्यान डाव्या बाजूचा रॅक बूट ऑइलने चिकट होऊन फाटला, तो वेगळाच.

नागपूरच्या हवेचा या दोन्ही बिघाडांशी थेट संबंध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सीताबर्डीच्या गर्दीत दहा मिनिटे अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता कोंडते. ऑइल सील आणि ओ-रिंग ज्या रबराच्या असतात ते ऑइलला दाद देत नाही, पण उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जाते. आणि अशा कडक झालेल्या सीलची ओठासारखी कडा डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे शाफ्टला नीट चिकटत नाही. उन्हाळाभर कोरडी वाटलेली गाडी हिवाळ्यात गळू लागते, याचे कारण बहुधा हेच असते. स्टिअरिंगच्या बाबतीत आपल्याकडचे सिमेंट रस्ते कारणीभूत ठरतात. रस्त्याची कडा आणि बाजूचे गट्टू (फरशीचे सिमेंट ठोकळे) यांची उंची अनेक ठिकाणी सारखी नसते, आणि त्या कडेवरून तिरपे चाक चढवले की सगळा धक्का टाय रॉडच्या, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या, टोकावर येतो.

तयारी

काम एप्रिल-मे-जूनमध्ये करायचे असेल तर पहाटे सहाला सुरू करून नऊच्या आत आटोपावे, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही आणि घाईत माणूस जॅकच्या बाबतीत निष्काळजी होतो. जागा सपाट आणि पक्की हवी. जमीन मुरमाची असेल किंवा डांबर उन्हाने मऊ झाले असेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी ठेवावी. गाडीसोबत मिळालेला जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, किंबहुना हातही घालू नये. दोन जॅक-स्टँड, ज्यांना आपल्या गॅरेजांत घोडी म्हणतात, विकत घ्यावेत किंवा ओळखीच्या मिस्तऱ्याकडून दिवसभरासाठी आणावेत. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावावी, हँडब्रेक ओढावा आणि गाडी घोडीवर ठेवल्यानंतर ती दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहूनच खाली जावे. विटांचा थर घोडीऐवजी कधीही वापरू नये. वीट आधी कसलीही सूचना न देता फुटते.

हत्यारांत रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, हातोड्या दोन, प्लायर, टाय रॉड काढण्याचा पुलर, तारेचा ब्रश, प्लास्टिकची पट्टी, चांगला टॉर्च आणि लहान आरसा एवढे असले की पुरे. टॉर्क पाना अनेकांना चैनीचा वाटतो. पण ऑइलगळतीच्या बऱ्याच दुरुस्त्या अति आवळल्यामुळे फसतात, हे लक्षात घेता त्याचे मोल कळते.

गळती कुठून सुरू होते ते आधी पाहावे

गळतीचा डाग जिथे पडतो तिथे तिचे मूळ क्वचितच असते. ऑइल वरून खाली येते आणि गाडी चालत असताना पुढून मागे जाते, म्हणून शोध नेहमी सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागेपासून करावा. त्याआधी जे गळते आहे ते ऑइलच आहे याची खात्री करून घ्यावी. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरून त्यावर चारही चाकांच्या जागा खडूने आखाव्यात आणि सकाळी डाग कोणत्या बाजूला पडला ते पाहावे. तपकिरी-काळा, बोटांत सहज पसरणारा द्रव इंजिन ऑइलचा. दाट, गंधकासारखा उग्र वास असलेला गिअर ऑइलचा. हिरवट किंवा रंगीत, गोडसर वासाचा आणि पाण्यासारखा असेल तर तो कूलंट. पॉवर स्टिअरिंग असलेल्या जुन्या गाडीत लालसर द्रव दिसला तर तो बहुधा स्टिअरिंगचा असतो. चाकाच्या आतल्या बाजूस फिकट पिवळसर, निसरडा द्रव दिसला तर तो ब्रेक ऑइलचा समजावा आणि ते काम झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

यानंतर इंजिन धुणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षांच्या कीटणात गळतीचा मार्ग कधीच दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशाने वरून खाली घासत यावे. पेट्रोल या कामासाठी वापरू नये. त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. वॉशिंग सेंटरचा दाबाचा फवारा जुन्या इंजिनावर मारणेही टाळावे, कारण पाणी वायरिंगच्या जोडांत आणि सैल सीलमधून आत शिरते. पुसून, वाळवून झाल्यावर ज्या जोडांचा संशय आहे त्यांच्या खाली साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि बर्डीहून वर्धा मार्गाने खापरीपर्यंत जाऊन यावे. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ स्पष्ट उमटलेली दिसते आणि तिच्या वरच्या टोकाला दुरुस्तीची जागा असते. एका फेरीत दिसले नाही तर दुसरी फेरी मारावी. हा वेळ वाया जात नाही.

कोणतेही पॅकिंग बदलण्यापूर्वी आणखी एक तपासणी अनिवार्य आहे, आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून, म्हणजे टॅपेट कव्हरवरून, एअर फिल्टरकडे जाणारा श्वासनळीसारखा रबरी पाइप काढून तो आतून मोकळा आहे का, हे फुंकून पाहावे. पिस्टनच्या बाजूने निसटलेला वायू या पाइपातून बाहेर पडतो. पाइप काजळीने बुजला असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तो दाब सगळ्यांत अशक्त पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीत एक पॅकिंग बदलले की गळती दुसरीकडून सुरू होते आणि मालक दुकानदाराला दोष देतो. पाइप मोकळा असूनही गरम इंजिनात ऑइल भरायचे झाकण काढल्यावर भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मग पॅकिंगवर खर्च करण्याआधी इंजिनाचाच विचार करावा लागेल.

वरून खाली

टॅपेट कव्हरचे पॅकिंग हे सर्वांत सोपे काम. कव्हर काढल्यावर जुने पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे; स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यास ॲल्युमिनियमच्या हेडवर चर पडतो आणि त्या चरातून नव्या पॅकिंगखालूनही ऑइल झिरपते. कव्हरची कडा सपाट काचेवर ठेवून ती वाकली नाही ना ते पाहावे. दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून पॅकिंग बसवावे आणि बोल्ट मधून बाहेर, आलटूनपालटून, दोन टप्प्यांत आवळावेत. हे बोल्ट अगदी हलक्या हाताने आवळायचे असतात. पॅकिंग कडेने बाहेर फुगलेले दिसले की ते जास्त आवळले गेले असे समजावे. सिलिकॉन लावायचेच असेल तर जिथे दोन भाग एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यांवर मुगाच्या दाण्याएवढे लावावे. सगळीकडे जाड थर लावण्याची पद्धत मला फार घातक वाटते, कारण आतल्या बाजूला दाबली गेलेली सिलिकॉनची लोळी सुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात, पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीला अडकते. गळती थांबते खरी, पण इंजिनाला ऑइल मिळेनासे होते.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग बदलताना कसोटी यांत्रिक कौशल्याची नसते, खुणा नीट करण्याची असते. काढण्याआधी डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि हेड यांवर मिळून एक बारीक रेघ कोरावी, टोपी काढून रोटरचे टोक कोणत्या दिशेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवू नये. जुनी ओ-रिंग दुकानात सोबत न्यावी आणि जाडी व व्यास दोन्ही जुळवून घ्यावेत. जवळपासच्या मापाची रिंग ताणून बसवली तर ती महिनाभरही टिकत नाही. नव्या रिंगेला ऑइलचे बोट लावून डिस्ट्रिब्युटर हलकेच फिरवत आत सरकवावा, खुणा जुळवाव्यात आणि शक्य असेल तर टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घ्यावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत यांत्रिक पेट्रोल पंपही हेडच्या याच टोकाला असतो. त्याच्या पॅकिंगखालून ओल दिसते का, तेही त्याच वेळी पाहावे.

ऑइल प्रेशरचा स्विच लहान असल्याने नजरेतून सुटतो. त्याच्या प्लास्टिकच्या भागातून, वायर जिथे लागते तिथून, ऑइल येत असेल तर तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ऑइल फिल्टरच्या बाबतीत चूक एकच घडते : जुन्या फिल्टरचे रबरी पॅकिंग ब्लॉकला चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर बसवला जातो. दोन पॅकिंगांच्या मधून ऑइल काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. म्हणून बसण्याची जागा बोटाने चाचपून पाहावी, नव्या पॅकिंगला ऑइल लावावे आणि पॅकिंग टेकल्यानंतर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावे. ड्रेन प्लगचे वॉशर दर वेळी नवे घालावे. प्लग गळतो म्हणून तो अधिकाधिक आवळत गेले की चेंबरचे आटे मरतात, आणि मग दहा-वीस रुपयांच्या वॉशरच्या जागी चेंबरचे काम निघते.

चेंबरच्या पॅकिंगसाठी ऑइल काढून चेंबर उतरवावा लागतो. पत्र्याच्या चेंबरची कडा प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती आधीच्या आवळण्याने वर उचललेली असते; ती सपाट लाकडावर ठेवून हातोडीने हलकेच बसवल्याशिवाय नवे पॅकिंग कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही. सहा मिलिमीटरच्या या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क पुरतो. चेंबर उतरलाच आहे तर पंपाची जाळी धुऊन घ्यावी.

कॅमशाफ्टचे आणि क्रँकचे पुढचे सील टायमिंग बेल्टच्या आवरणामागे असते. हे काम घरी करण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण बेल्टच्या खुणा एका दात्याने चुकल्या तरी इंजिन नीट चालत नाही. मिस्तऱ्याकडे जाताना मात्र दोन गोष्टी ठरवून जाव्यात. ऑइलने भिजलेला टायमिंग बेल्ट पुसून परत बसवू देऊ नये, तो नवाच घ्यावा; आणि सील जिथे घासते तिथे शाफ्टवर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर नवे सील जुन्या जागेपासून एखाद मिलिमीटर आतबाहेर बसवायला सांगावे, म्हणजे त्याची कडा खाचेत न बसता ताज्या धातूवर बसेल. क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. वरचे सारे जोड कोरडे आहेत हे पावडरीने सिद्ध झाल्यावर आणि बेल हाउसिंगच्या आतून इंजिन ऑइल येते हे डोळ्यांनी पाहिल्यावरच ते काम काढावे आणि त्याच वेळी क्लचप्लेट तपासावी.

गळती थांबवणारी जी द्रव्ये बाटल्यांतून मिळतात ती रबर फुगवतात. काही दिवस गळती कमी होते, पण ज्या सीलला काही झालेले नव्हते तेही फुगते. मी ती वापरत नाही. जाड ऑइल घालूनही मूळ कारण जात नाही. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या श्रेणीतच राहावे. काढलेले जळके ऑइल नालीत ओतू नये, कारण ते पुढे नाग नदीतच जाते. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

आता स्टिअरिंग

गळती थांबून आठ-दहा दिवस गाडी कोरडी राहिली की स्टिअरिंगकडे वळावे. इथेही सुटे भाग विकत घेण्याआधी सैलपणा नेमका कुठे आहे, ते हाताने शोधायचे असते. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. स्टिअरिंगच्या कडेला टेपचा तुकडा चिकटवून पुढचे चाक हलेपर्यंत स्टिअरिंग किती फिरते ते पट्टीने मोजावे. या वर्गातल्या गाड्यांत कडेवर सुमारे ३० मिलिमीटरपर्यंतचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, मान्य असतो. त्याहून जास्त असेल तर घरातल्या कोणाला तरी चालकाच्या जागेवर बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे, सतत हलवायला सांगावे. चाके जमिनीवरच असावीत. आपण बाहेरून प्रत्येक जोडावर क्रमाने हात ठेवावा : आधी टाय रॉडचे बाहेरचे टोक, मग बुटावरून चाचपून रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा जोड), मग रॅकचे माउंटिंग, आणि शेवटी आत डॅशखाली स्टिअरिंग शाफ्टचा जोड. सैल जोडाच्या दोन भागांत हालचालीचा फरक पडतो आणि तो डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना जाणवतो. रॅक स्वतःच बॉडीच्या तुलनेत डावी-उजवीकडे सरकत असेल तर माउंटिंगचे बुश ऑइलने गेले आहेत. ही गोष्ट रॅक बदलण्याइतकी महाग नाही, पण तपासली नाही तर रॅकच बदलला जातो.

नंतर चाक घोडीवर उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. तेव्हा खटखट आली तर टाय रॉड किंवा रॅक एंडचा संशय घ्यावा. बारा आणि सहाच्या जागी धरून खटखट आली तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि खटखट थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट पूर्ण निसटला तर चाक आडवे पडते. म्हणून त्याच्या बाबतीत पुढच्या पगाराची वाट पाहू नये.

एक इशारा इथेच द्यायला हवा. रॅकला सरकवणाऱ्या दातेरी चाकाजवळ, म्हणजे पिनियनजवळ, दाब जुळवण्याचा स्क्रू असतो आणि प्ले काढण्याचा झटपट उपाय म्हणून तो आवळून देण्याची प्रथा आहे. सरळ चालताना रॅकचा मधला भाग सर्वांत जास्त झिजलेला असतो, टोके तितकी झिजत नाहीत. मधल्या भागाचा प्ले काढण्यासाठी स्क्रू आवळला की वळणावर रॅक टोकाकडे अडकतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. भर वळणावर अडकणारे स्टिअरिंग सैल स्टिअरिंगपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

टाय रॉडचे टोक बदलणे

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, मग गाडी उचलून घोडीवर ठेवावी आणि चाक काढावे. टाय रॉडच्या आट्यांवरची माती तारेच्या ब्रशाने झाडून गंज सोडवणारे तेल मारावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. लॉकनट सोडण्याआधी बॉलच्या मध्यापासून लॉकनटपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. अनेक जण फक्त फेरे मोजतात. परंतु नव्या टोकाची लांबी जुन्यापेक्षा थोडी वेगळी असू शकते, तेव्हा माप आणि फेरे दोन्ही हवेत. लॉकनट पाव फेरा सैल करावा, खाचांच्या नटातली स्प्लिट पिन सरळ करून ओढावी, आणि नट पूर्ण न काढता टोकाशी ठेवावा, म्हणजे जोड सुटताना टोक अंगावर येत नाही.

शंकूच्या आकाराचा हा जोड पुलरने सोडवणे सर्वांत उत्तम. पुलर नसेल तर चाकाला धरणाऱ्या ओतीव भागाच्या, म्हणजे नकलच्या, ज्या हातात टोक अडकलेले असते, त्या हाताच्या दोन बाजूंना एकाच वेळी दोन हातोड्यांनी नेमका ठोका द्यावा. दोन-तीन ठोक्यांत जोड सुटतो. बोल्टाच्या टोकावर खालून हातोडी मारल्याने आटे चिरडतात, बाकी काही साधत नाही. सुटल्यावर टोक फेरे मोजत काढावे आणि नवे तेवढ्याच फेऱ्यांनी चढवून माप जुळवावे. शंकूचा भाग आणि त्याची बसण्याची जागा कोरडी व स्वच्छ असावी, तिथे ग्रीस लावू नये. नट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावा. पिनचे भोक खाचेशी जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून जुळवावे, मागे सोडून कधीही जुळवू नये. स्प्लिट पिन नवीच घालावी. जुनी पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते, आणि चाकाची दिशा त्या पिनेवर अवलंबून असते.

सुटे भाग घेताना जुना नग सोबत न्यावा. ऑटोमोटिव्ह चौक असो की आपल्या घराजवळचे दुकान, नव्या टोकाचा बॉल हाताने फिरवून पाहावा : तो सगळीकडे सारख्या घट्टपणे फिरायला हवा, आणि त्याच्या रबरी टोपीवर बारीक चिरा नसाव्यात. गोदामात उन्हाने तापत पडलेले नवे रबरही जुने झालेले असते. दोन्ही बाजूंची टोके एकदमच बदलावीत, असे माझे मत आहे. एका अलाइनमेंटमध्ये दोन्ही कामे होतात.

रॅक बूट

बूट बदलण्यासाठी टाय रॉडचे टोक काढलेलेच असते, म्हणून ही दोन कामे जोडीने करावीत. जुना बूट कापून काढल्यावर लगेच नवा चढवू नये. आधी रॅकवर गंज आहे का ते पाहावे. स्टिअरिंग पूर्ण फिरवून दात्यांच्या बाजूची आणि गुळगुळीत बाजूची चाचपणी करावी. बारीक लालसर डाग असतील तर पुसून ग्रीस लावता येते, पण खड्डे पडले असतील तर बूट बदलून रॅक वाचणार नाही. रॅक एंडचा बॉल हाताने हलवून पाहण्याची हीच वेळ आहे. जुने, मातीने काळे पडलेले ग्रीस कापडाने पूर्ण पुसून लिथियम ग्रीसचा पातळ थर द्यावा. बूट ग्रीसने भरू नये, कारण स्टिअरिंग पूर्ण वळवताना आतल्या हवेला जागा लागते. क्लिप बसवण्याआधी बुटाच्या कडा ऑइलविरहित असाव्यात आणि बाहेरची क्लिप टाय रॉडच्या खाचेतच बसावी. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवून बूट पिळला जात नाही ना ते पाहावे. नंतर अलाइनमेंटवाला टाय रॉड फिरवतो तेव्हा बूट त्याच्यासोबत पिळला जातो. त्याला आधी बाहेरची क्लिप सैल करायला आणि काम झाल्यावर बूट सरळ करून ती पुन्हा बसवायला आवर्जून सांगावे.

रस्त्यावर काढण्याआधी

घरी जुळवलेले माप गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरतेच असते. तिथे जाण्याआधी चारही टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरून घ्यावी आणि डिकीतले जड सामान काढावे. काम झाल्यावर मोजलेल्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला. स्टिअरिंग सरळ धरल्यावर त्याची दांडी आडवी दिसत नसेल तर दोन्ही टाय रॉड सारखे जुळवलेले नाहीत. ते तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगावे. ज्यांची गाडी १५ वर्षांची होत आली आहे त्यांना नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी तपासणीसाठी दाखवावी लागते, त्यांनी ही सगळी कामे त्या तारखेच्या महिनाभर आधी करावीत, म्हणजे नंतर काही सुटलेले लक्षात आले तर वेळ हाताशी राहतो.

पहिली फेरी कमी गर्दीच्या रस्त्यावर, ताशी ३० किलोमीटरच्या आत मारावी आणि परत आल्यावर चाकाचे नट, टाय रॉडचे लॉकनट आणि स्प्लिट पिना पुन्हा पाहाव्यात. पाचशे किलोमीटर झाल्यावर टॅपेट कव्हरच्या आणि चेंबरच्या बोल्टांना टॉर्क पाना एकदा लावून बघावा, कारण नवे पॅकिंग उष्णतेने दबते. त्या रात्री पुठ्ठा पुन्हा गाडीखाली अंथरावा, आणि सकाळी टॉर्च घेऊन पुठ्ठ्यासोबत डाव्या बाजूचा रॅक बूटही पाहावा.